मालवाहू वाहनचालकांचे उष्णतेपासून संरक्षण

मालवाहू वाहनचालकांचे उष्णतेपासून संरक्षण ही व्यावसायिक आरोग्य व सुरक्षेची एक शाखा असून तीत ट्रक, टेम्पो आणि बंद पेटीच्या माल पोचवणाऱ्या वाहनांवर काम करणारे चालक व त्यांचे मदतनीस (क्लीनर) यांना उन्हाळ्यात होणारे उष्णताजन्य विकार टाळण्याच्या तांत्रिक, वैद्यकीय व कायदेशीर उपायांचा समावेश होतो. चालकाचे काम बसून करायचे असल्याने ते उन्हातल्या कष्टाच्या कामांत सहसा धरले जात नाही. प्रत्यक्षात इंजिनाची उष्णता, तापलेला पत्रा, माल चढवण्या-उतरवण्याचे श्रम आणि फाटकाबाहेरची प्रतीक्षा या चार गोष्टी एकत्र आल्या की वेधशाळेने नोंदवलेल्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक ताप चालकाच्या शरीराला सोसावा लागतो. भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक आहे. घरोघरी व दुकानोदुकानी माल पोचवणाऱ्या छोट्या वाहनांना मात्र हा नियम लागू नाही.

महाराष्ट्रात उष्माघात हा बहुधा विदर्भाचा प्रश्न समजला जातो. नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती, तेव्हा हा समज निराधार नाही. परंतु वाहनातील उष्णतेचा विचार केल्यास पश्चिम महाराष्ट्रातील तुलनेने सौम्य हवामानाचे औद्योगिक पट्टेही धोक्याच्या कक्षेत येतात. पुणे जिल्ह्यातील उरवडे व पिरंगुट परिसर हे त्याचे एक उदाहरण होय.

उरवडे–पिरंगुट पट्टा

उरवडे हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील गाव आहे. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, भुकूम या मार्गाने पिरंगुटला आल्यावर तेथून एक रस्ता उरवडे गावाकडे व पुढे मुठा खोऱ्यात जातो. पिरंगुट व उरवडे परिसरात लहान-मोठे कारखाने आणि गोदामे असल्यामुळे कच्चा माल आणणारी व तयार माल नेणारी वाहने येथे ये-जा करतात. ७ जून २०२१ रोजी येथील एका रासायनिक कारखान्याला लागलेल्या आगीत किमान १७ कामगारांचा मृत्यू झाला, त्यांत बहुसंख्य महिला होत्या. त्या दुर्घटनेमुळे गावाचे नाव राज्यभर पोचले. उष्णतेमुळे होणारी हानी अशी एका दिवसात नजरेस येत नाही. भोवळ येऊन वाहन रस्त्याखाली गेले तर त्याची नोंद रस्ते अपघातांत होते आणि हृदयविकाराचा झटका आला तर तो निव्वळ हृदयविकार ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात ‘नैसर्गिक शक्तींमुळे झालेले मृत्यू’ या सदरात उष्माघाताचा स्वतंत्र रकाना असला तरी अशा मृत्यूंना त्यात जागा मिळणे अवघड असते.

मुळशी तालुका सह्याद्रीच्या कुशीत असून पावसासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे येथे उन्हाचा त्रास तो काय, असे बाहेरच्या माणसास वाटते. मात्र मार्च ते मे या काळात दख्खनच्या पठाराचे कोरडे ऊन येथपर्यंत जाणवते. जवळच्या पुणे शहरात ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश तापमान नोंदवले गेले आहे. याच भागातून पौड, मुळशी व ताम्हिणी घाट ओलांडून जाणारा रस्ता कोकणात माणगावकडे उतरतो. उरवड्याहून माल घेऊन माणगावकडे निघालेला चालक दोन-तीन तासांत कोरड्या उष्णतेतून दमट उष्णतेत जातो. तापमापीवरचा आकडा घाटाखाली कमी दिसला तरी शरीरावरचा भार वाढलेला असू शकतो. ४० अंश तापमान व १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना वेट बल्ब तापमान (ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीवर दिसणारे तापमान) सुमारे २१ अंश असते. ३५ अंश तापमान व ६० टक्के आर्द्रता असताना तेच सुमारे २८ अंशांवर जाते. हे तापमान जितके अधिक, तितका घाम वाळणे कठीण. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार वितरण समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते. किनारपट्टीत ४० अंशांची वाट पाहण्याची गरज नसते, हे त्या घटनेने दाखवून दिले. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांतही हा भेद आहे. कमाल तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असल्यास मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेची लाट मानली जाते.

वाहनात उष्णता साठण्याची कारणे

उन्हात उभे असलेले बंद वाहन काचेच्या घरासारखे वागते. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, आसने व डॅशबोर्ड तापतात आणि त्यांनी तापवलेली हवा बाहेर पडू शकत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उभ्या मोटारीतील तापमान एका तासात सरासरी सुमारे २२ अंशांनी वाढते आणि या वाढीपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकी दोन-चार बोटे उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

मालवाहू वाहनात याखेरीज इंजिनाची भर पडते. भारतातील बहुतेक ट्रकांची केबिन इंजिनाच्या वर बसवलेली असते. काही छोट्या टेम्पोंत तर इंजिन आसनाच्या खालीच असते. त्यामुळे पाय, मांड्या व कंबर यांना सतत धग लागते आणि खिडकीतून येणारा वाराही तापलेल्या डांबरावरून आलेला असतो. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा (सुमारे ३५ अंश) वर गेले की वाऱ्याने शरीराला उष्णता मिळू लागते. अशा वेळी वाऱ्याचा उपयोग केवळ घाम वाळण्यापुरता उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ४० अंशांवर पंख्यावर विसंबून राहू नये. केबिनमध्ये लावलेला छोटा पंखा मार्चमध्ये दिलासा देतो, मेमध्ये तितकासा नाही, असा चालकांचा अनुभव या सल्ल्याशी जुळणाराच आहे.

भारतात ट्रकचा केवळ सांगाडा (चासी) विकत घेऊन त्यावर स्थानिक कारखान्यात लाकूड व पत्रा वापरून केबिन बांधून घेण्याची पद्धत जुनी आहे. अशा केबिनमध्ये उष्णतारोधक अस्तर असेलच असे नाही.

माल ठेवण्याची बंद पेटी ही केबिनपेक्षाही अधिक दुर्लक्षित जागा आहे. पोलादी वा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या या पेटीला खिडकी नसते. पार्सल पोचवणारा चालक दिवसातून अनेकदा तीत शिरतो, वाकून खोकी शोधतो, उचलतो आणि बाहेर येतो. प्रत्येक खेप काही मिनिटांचीच असली तरी हे काम शारीरिक श्रमाचे असते आणि श्रमातून शरीरात निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकायला तेथे वाव नसतो. केबिन थंड करून हा धोका जात नाही.

कामाची पद्धत हा या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. शहरांत सकाळी व संध्याकाळी गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना अनेक रस्त्यांवर प्रवेशबंदी असते. वाहतुकीच्या दृष्टीने ती रास्त असली, तरी परिणामी मालवाहतूक दुपारच्या तासांत, म्हणजे नेमकी सर्वाधिक उन्हाच्या वेळी, ढकलली जाते. कारखान्याच्या फाटकावर चलन, गेटपास व वजनकाटा यांसाठी ताटकळावे लागते. आत शिरल्यावरही माल उतरवायला जागा मोकळी होईपर्यंत वाहन उन्हातच उभे असते. मोबदला खेपेप्रमाणे मिळत असल्यास चालक विश्रांतीचा वेळ स्वतःहून कमी करतो.

शरीरावर होणारे परिणाम

मानवी शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. जादा उष्णता त्वचेकडे रक्तप्रवाह वाढवून व घाम वाळवून बाहेर टाकली जाते. घामावाटे पाणी व क्षार गेल्याने रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते आणि मेंदूला होणारा पुरवठा कमी पडू लागतो. घामोळ्या, पोटऱ्यांत पेटके व उभे राहताना येणारी भोवळ ही सौम्य लक्षणे होत. उष्णताजन्य थकव्यात भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ व अशक्तपणा दिसतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात असून ती प्राणघातक अवस्था आहे. उष्माघातात त्वचा कोरडीच असते असा समज आहे, पण श्रम करताना होणाऱ्या उष्माघातात रुग्ण घामाने निथळत असू शकतो. घाम येतो आहे म्हणून धोका नाही, असे मानणे त्यामुळे चुकीचे ठरते.

चालकाच्या बाबतीत सौम्य टप्पाही गंभीर असतो. शरीरातील पाणी थोडे कमी झाले तरी लक्ष विचलित होते, प्रतिक्रिया मंदावते व गुंगी येते. यंत्रापाशी उभ्या कामगाराला भोवळ आली तर तो खाली बसू शकतो. घाटात चालकाला तसे करता येत नाही.

उन्हाची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनानुसार कामाच्या ठिकाणी उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू कामाच्या पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात होतात. महाराष्ट्रात चैत्र-वैशाख हा गावच्या जत्रांचा व लग्नसराईचा काळ असतो. चालक आठ-पंधरा दिवस गावी जाऊन परत येतो तेव्हा ऊन सर्वांत कडक असते आणि शरीराची सवय काहीशी मोडलेली असते. अनुभवी माणूस म्हणून त्याला त्याच दिवशी पूर्ण खेप दिली जाते. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम देऊन ते रोज २० टक्क्यांनी वाढवावे, असा अमेरिकी संस्थांचा सल्ला आहे. सुटीवरून परतलेल्या जुन्या कामगारासाठी वाढीचा वेग अधिक ठेवता येतो.

पाणी आणि स्वच्छतागृह

भरपूर पाणी प्यावे हा सल्ला सर्वत्र दिला जातो. चालक तो का पाळत नाहीत याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसते. वाटेत स्वच्छतागृह नाही, वाहन सोडून गेल्यास माल व डिझेल चोरीला जाण्याची भीती आहे, आणि कारखान्याचे स्वच्छतागृह बाहेरच्या चालकाला खुले नाही, अशा स्थितीत पाणी कमी पिणे हाच व्यवहार्य मार्ग त्याला दिसतो. त्याचा परिणाम म्हणजे लघवीला जळजळ होणे. मराठीत या त्रासाला ‘उन्हाळी लागणे’ असेच नाव आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग व मुतखडा हे त्याचे पुढचे टप्पे असून वारंवार निर्जलीकरण झाल्यास मूत्रपिंडांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. गडद पिवळी लघवी ही पाणी कमी पडत असल्याची सर्वांत सोपी खूण समजली जाते.

श्रमाचे काम चालू असताना दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे एक पेला पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा अधिक पाणी पिऊ नये, कारण त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घटू शकते. फार घाम गेल्यास क्षार संजीवनी, म्हणजेच जलसंजीवनी (ओआरएस), उपयुक्त ठरते. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ती तयार करतात. मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, पन्हे आणि कोकम सरबत ही महाराष्ट्रातील नेहमीची पेये त्याच कारणासाठी योग्य आहेत. उच्च रक्तदाबाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मद्य निर्जलीकरण वाढवते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. जेवणात कच्चा कांदा खाण्याला अर्थातच कोणाची हरकत नाही.

प्रतिबंधक उपाय

वाहनातील बदलांपैकी काही स्वस्त आहेत. केबिनच्या टपाला पांढरा किंवा परावर्तक रंग देणे, इंजिनाच्या झाकणाखाली उष्णतारोधक थर बसवणे, झाकणाचे झिजलेले रबर बदलणे आणि उभ्या वाहनाच्या पुढच्या काचेवर पडदा लावणे यांचा त्यांत समावेश होतो. बंद पेटीच्या टपाला अर्धपारदर्शक पट्टी व हवा जाण्यासाठी झरोका ठेवल्यास आतला अंधार व कोंडमारा दोन्ही कमी होतात. पेटीत शिरण्यापूर्वी दार काही मिनिटे पूर्ण उघडे ठेवावे आणि पुढच्या तीन-चार ठिकाणांचा माल एकाच वेळी दाराशी आणून ठेवावा, म्हणजे आत जाण्याच्या खेपा घटतात.

माल पाठवणाऱ्या व घेणाऱ्या आस्थापनांच्या हातात याहून अधिक असते. फाटकाजवळ सावलीची शेड, पिण्याचे पाणी व चालकांसाठी खुले स्वच्छतागृह यांचा खर्च एका ट्रकच्या वातानुकूलन यंत्रणेच्या तुलनेत मोठा नसतो, आणि लाभ दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक चालकाला होतो. वेळ ठरवून वाहने बोलावल्यास रांग लागत नाही. दुपारी १२ ते ३ या वेळेत चढ-उतार टाळून ती पहाटे किंवा संध्याकाळी करणे हा सर्वांत परिणामकारक बदल मानला जातो, पण त्यासाठी गोदामाच्या पाळ्या बदलाव्या लागतात.

विश्रांतीच्या जागेबाबत दोन धोकादायक सवयी आढळतात. सावली मिळते म्हणून उभ्या ट्रकखाली झोपलेला माणूस वाहन हलल्यास चिरडला जाऊ शकतो. काचा बंद करून व इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपल्यास, धूर बाहेर नेणारी नळी गळकी असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरून मृत्यू ओढवू शकतो. या वायूला वास नसतो.

सैल, फिकट सुती कपडे व डोक्याला ओला पंचा हे जुने उपाय कोरड्या हवेत चांगले काम करतात. सर्दी-खोकल्यावरील गुंगी आणणारी काही औषधे, लघवी वाढवणारी औषधे व काही मानसोपचारातील औषधे शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती कमी करतात.

प्रथमोपचार

उष्माघाताची शंका आल्यास रुग्णाला प्रथम थंड करावे व सोबतच रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे. रुग्णाला सावलीत आणून जादा कपडे काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघा येथे बर्फ किंवा गार पाण्याच्या पिशव्या ठेवाव्यात. शक्य असल्यास गार पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवणे हा सर्वांत जलद उपाय असून अशा वेळी डोके सतत आधार देऊन पाण्याबाहेर धरावे लागते. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचे तापमान उतरले तर जगण्याची शक्यता लक्षणीय वाढते, म्हणून रुग्णालयात पोचेपर्यंत थंड करणे थांबवू नये. बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. क्रोसिनसारखी तापाची औषधे येथे निरुपयोगी आहेत, कारण हा ताप संसर्गाचा नसतो.

चालक एकटा असल्यास यांपैकी काहीही त्याला स्वतःला करता येत नाही. गोंधळ उडणे हेच उष्माघाताचे लक्षण असल्यामुळे आपली स्थिती बिघडते आहे हे त्याच्या लक्षात येईलच असे नाही. मदतनीस सोबत असणे किंवा ठरावीक वेळाने कोणी फोन करून विचारपूस करणे याला म्हणूनच महत्त्व आहे.

भारतातील कायदेशीर तरतुदी

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन आस्थापनांना लागू होता. त्यात दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, तसेच विश्रामगृह व प्रथमोपचार साहित्य यांची तरतूद होती. हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. एकच टेम्पो असलेला मालक-चालक अशा तरतुदींच्या बाहेरच राहत आला आहे. कारखान्यांविषयीच्या कायद्यातील पिण्याचे पाणी व हवा खेळती ठेवण्याच्या अटी त्या कारखान्याच्या कामगारांसाठी आहेत. फाटकाबाहेर थांबलेला चालक त्यांत मोडत नाही. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, पण चालकच हमालीही करतो तेव्हा त्याचे हे दुसरे काम कागदावर येत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये केबिन वातानुकूलनाच्या नियमाचा मसुदा आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अंतिम अधिसूचना काढली. तत्कालीन मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांना ४३ ते ४७ अंशांत वाहन चालवावे लागते, याकडे त्यापूर्वी लक्ष वेधले होते. मसुद्यात १ जानेवारी २०२५ ही तारीख होती, ती अंतिम नियमात १ ऑक्टोबर २०२५ झाली. नियम एन२ (३.५ टनांहून अधिक व १२ टनांपर्यंत एकूण वजन) आणि एन३ (१२ टनांहून अधिक) या वर्गांना लागू असून चाचणी आयएस १४६१८ : २०२२ या भारतीय मानकानुसार करायची आहे. त्यापूर्वी तयार झालेल्या ट्रकांत वातानुकूलन बसवण्याची सक्ती नाही. ३.५ टनांपर्यंतचा एन१ वर्ग, ज्यात २००५ साली बाजारात आलेला व ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जाणारा टाटा एस मोडतो, नियमाच्या बाहेर आहे. शहरातील दारोदारचे माल वितरण प्रामुख्याने याच वर्गातील वाहने करतात.

आपत्तीविषयक मदतीतही उष्णतेचे स्थान वेगळे आहे. २०२१–२६ या कालावधीसाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीत शीतलहर आहे, उष्णतेची लाट नाही. राज्यांना आपल्या आपत्ती प्रतिसाद निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते. तेलंगणाने २०२५ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्यविशिष्ट आपत्ती घोषित करून मृतांच्या कुटुंबीयांसाठी चार लाख रुपयांची मदत ठरवली. शहर पातळीवरील पहिला उष्णता कृती आराखडा अहमदाबादने मे २०१० मधील लाटेनंतर, २०१३ मध्ये तयार केला.

अन्य देशांत

संयुक्त अरब अमिरातीत दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत थेट उन्हातील कामास बंदी असते आणि दुचाकीवरून माल पोचवणाऱ्यांसाठी वातानुकूलित विश्रांतीस्थाने उभारण्यात आली आहेत. अमेरिकेत टपाल खात्याच्या १९८७ ते १९९४ या काळात बनवलेल्या, वातानुकूलन नसलेल्या वितरण गाड्या अनेक दशके वापरात राहिल्या. तेथील यूपीएस या पार्सल कंपनीत २०२३ साली टीमस्टर्स या कामगार संघटनेशी झालेल्या पाच वर्षांच्या करारानुसार १ जानेवारी २०२४ नंतर खरेदी होणाऱ्या वितरण वाहनांत वातानुकूलन देण्याचे मान्य झाले. जुन्या वाहनांत पंखे, उष्णतारोधक पत्रे व मागच्या माल-पेटीत हवा खेचणारे झरोके बसवण्याचे कलमही त्यात होते.